भिंतीची ओल आणि छातीची घरघर

पावसाळ्यात खोकणारे मूल घेऊन कोणी आले, की औषध लिहिण्याआधी मी विचारतो, ‘पलंग कोणत्या भिंतीला लागून आहे?’ डोंबिवली, कल्याण व ठाण्याच्या जुन्या भागांत रस्त्यांवर थरावर थर चढत गेले आणि पुष्कळ इमारतींचे तळमजले रस्त्याखाली गेले. नावाला तळमजला, प्रत्यक्षात तळघरच. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते, रंगाचे पोपडे निघतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. तिचे सूक्ष्म कण श्वासातून आत जातात. दमट गादीत धुळीतले किडेही वाढतात. मग शिंका, रात्रीचा खोकला, छातीत घरघर. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील ओल व बुरशी या विषयावर २००९ साली मार्गदर्शक सूचनाच काढल्या. आजोळी गेल्यावर खोकला थांबत असेल आणि घरी परतताच सुरू होत असेल, तर संशय भिंतीवर घ्यावा.

थंड देशांत तळघराच्या भिंतींना आतून उष्णतारोधक थर देतात. घर उबदार राहते, इंधन वाचते. पण तेथेही आधी भिंत कोरडी करतात. आपल्याकडे ओल्या भिंतीवरच प्लायवूड किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकतात. पाहुण्यांना ओल दिसत नाही इतकेच. मागे बुरशी सुखाने वाढते.

ओल कोठली हे ओळखायला वीतभर प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा व दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले, तर ओल भिंतीतून येते. बाहेर फुटका पाइप, भेगा किंवा भिंतीलगत साठलेली माती आहे का ते पाहून मे महिन्यापूर्वी दुरुस्ती करावी. हा खर्च सोसायटीच्या सभेत मांडावा. पाणी खोलीकडच्या बाजूला असेल, तर दोष घरातल्या वाफेचा. बंद खोलीत कपडे वाळत घालू नयेत.

कपाट व पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत. बुरशी कोरडी खरवडू नये, कण उडतात. नाक-तोंड बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी. हे काम दमेकऱ्याने करू नये. त्याचा रोजचा पंपही, बरे वाटले म्हणून, डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.