मोघम कबुलीचा आडोसा



नॅथॅनियल हॉथॉर्न यांची 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) ही कादंबरी अभ्यासाला घेणाऱ्याने हेस्टर प्रिनच्या छातीवरील लाल 'ए' या अक्षरापाशीच अडकून पडू नये. तिचे व्यभिचाराचे पाप गावाला ठाऊक आहे. ती लपवते ती दोन पुरुषांची गुपिते. अधिक लक्ष द्यावे ते त्या पापातील तिचा छुपा साथीदार पाद्री आर्थर डिम्सडेलकडे. कथेतले बॉस्टन प्युरिटनांचे, म्हणजे इंग्लंडमधील चर्चची शुद्धी अपुरी राहिली असे मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांचे आहे. १६३१ पासून बॉस्टनच्या वसाहतीत मताधिकार चर्चच्या सदस्यांपुरताच होता, त्यामुळे धार्मिक लौकिक गेला की माणसाचे सार्वजनिक स्थानच डळमळीत होई.

हा डिम्सडेल प्रवचनात आपण अधमाहून अधम असल्याचे पुन्हा पुन्हा सांगतो, मात्र कोणते पाप आणि कोणाबरोबर, याची वाच्यता करीत नाही. श्रोत्यांना त्यात विनयच दिसतो, त्यांची भक्ती दुणावते, आणि असे होणार हे त्याला आधीच माहीत असते. गावातील शिक्षेच्या चौथऱ्यावरील रात्रीच्या प्रसंगी हेस्टरची लहानगी मुलगी पर्ल त्याला विचारते, की उद्या दुपारी तो तिच्यासोबत आणि आईसोबत येथे उभा राहील का. त्यावर तो थेट कयामतीच्या दिवसाचा वायदा करतो. विद्यार्थ्याने आपली चूक कबूल करताना पर्लचा हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि कृत्याचे व ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव घेतल्याखेरीज कबुली पुरी झाली असे मानू नये.

दुसऱ्याच्या चुकीचा माग काढतानाही जपावे. हेस्टरचा नवरा रॉजर चिलिंगवर्थ वैद्य म्हणून डिम्सडेलसोबत एकाच घरात राहतो, त्याचा संशय अक्षरशः खरा ठरतो, तरीही कादंबरीत सर्वांत भीषण अधःपात त्याचाच होतो, कारण उपचाराच्या विश्वासाचा तो हत्यार म्हणून वापर करतो. 

शेवटी डिम्सडेल भर दिवसा चौथऱ्यावर चढून कबुली देतो, आपल्या छातीवरची खूण उघडी करतो आणि तेथेच मरतो. तरी काही प्रतिष्ठित साक्षीदार त्याच्या छातीवर खूण नव्हतीच असे सांगतात, आणि ईश्वरापुढे सारेच पापी, एवढेच त्या पुण्यात्म्याने मरणातून दाखवले, असा अर्थ लावतात. विद्यार्थ्याने हे प्रकरण दोनदा वाचावे.