पडद्यामागचे कपाट



आदिवासी भागातल्या दवाखान्याला व्हिडिओ कॉन्फरन्सची यंत्रणा द्यायची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठा पडदा आणि कॅमेरा येतो. देणगीही बहुधा त्यांच्याच नावाने येते. यादीतल्या बाकीच्या वस्तू कशाला लागतात, ते या पाठात पाहू.

मुंबईचे केईएम रुग्णालय आणि नंदुरबारचे जिल्हा रुग्णालय इस्रोच्या मदतीने उपग्रहाद्वारे जोडले गेले. रुग्ण सातपुड्याच्या पायथ्याशी, तज्ज्ञ मुंबईत. अशा खोलीतली यंत्रे ज्या लोखंडी कपाटात बसवतात, ते रॅक. यंत्राच्या पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच ठरलेली. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. त्यामुळे बिघडलेले यंत्र चार स्क्रू काढून बदलता येते, कंपनी कोणतीही असो.

मुख्य यंत्र कोडेक. फुल एचडी चित्र आहे तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १५० कोटी बिट लागतील. कोडेक ते २० ते ४० लाखांत आवळतो आणि पलीकडचा कोडेक ते पुन्हा उलगडतो.

माझ्या मते मात्र चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचावर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. पावरी किंवा मावची बोलणारी बाई नंदुरबारला बोलते, तिचा आवाज मुंबईच्या स्पीकरमधून निघून तिथल्याच माईकमध्ये शिरतो आणि अर्ध्या सेकंदाने तिलाच ऐकू येतो. आधीच बुजलेली, ती गप्प झाली तर दुखणे कळणार कसे? हा प्रतिध्वनी काढून टाकणारे यंत्र रॅकमध्ये असते. गंमत अशी, की मुंबईचे यंत्र नंदुरबारच्या कानांसाठी काम करते आणि नंदुरबारचे मुंबईच्या. म्हणून ते दोन्हीकडे हवे.

नेटवर्कचा स्विच, अ‍ॅम्प्लिफायर ही बाकीची मंडळी. यंत्रे तापतात, तेव्हा मध्ये हवेला जागा सोडावी.

सर्वांत खाली यूपीएस, कारण बॅटऱ्या जड. आपल्या सांगवीकडे अशी खोली करायची झाली तर अर्थिंगकडे आधी बघावे लागेल. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होते. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. बॅटऱ्याही तीन-चार वर्षांत बदलाव्या लागतात. तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरलेला बरा. पुढे त्यासाठी वेगळी देणगी सहसा कोणी देत नाही.