ओळखीच्या गावात मनाचा वैद्य शोधताना

हजरत अनस बिन मालिक (रजि.) त्या वेळी लहान होते. ते मुलांबरोबर खेळत असताना प्रेषित मुहम्मद (स.) तेथे आले, त्यांनी मुलांना सलाम केला आणि अनस यांना एका कामावर पाठविले. त्यामुळे घरी परतायला उशीर झाला. आई उम्मे सुलैम (रजि.) यांनी कारण विचारले. प्रेषितांनी कामाला पाठविले होते, असे मुलाने सांगितले. कोणते काम, असे आईने पुन्हा विचारल्यावर, ते गुपित आहे, एवढेच उत्तर त्याने दिले. सहीह मुस्लिममध्ये नमूद असलेल्या या प्रसंगात आईचे पुढचे वागणे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या रागावल्या नाहीत. आईपासून कसली लपवाछपवी, असेही म्हणाल्या नाहीत. उलट प्रेषितांचे गुपित कोणालाही सांगू नकोस, अशी ताकीद त्यांनी मुलाला दिली. पुढे अनस (रजि.) यांनी आपले शिष्य साबित यांना सांगितले की, ही गोष्ट मी कोणाला सांगितली असती तर ती तुम्हालाच, पण सांगितली मात्र नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, मनाच्या आजारावरील लेखाचा आरंभ या प्रसंगाने करण्यास कारण आहे. आपल्या वस्त्यांत मनाच्या आजाराची माणसे उपचाराविना राहतात, त्यामागे पैशाची अडचण असते, अज्ञानही असते; परंतु सर्वांत मोठी अडचण बभ्र्याची असते. कोकणातील खाडीकाठचा एखादा मोहल्ला डोळ्यांपुढे आणा. एक मशीद, एक जमात, दीड-दोनशे घरे. रिक्षा चालविणारा चाचाचा मुलगा, दवाखान्यातला कंपाउंडर शाळासोबती, औषधाच्या दुकानातला माणूस जुम्याला आपल्याच सफेत उभा राहणारा. नवरा आखाती देशात, घरात वृद्ध सासू आणि दोन मुले, अशा स्थितीत एखाद्या भगिनीची महिनोन्‌महिने झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, नमाजला उभे राहण्याचेही त्राण उरले नाही, तर तिने जावे कोठे? तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी ज्या हातांतून जाणार, ते सर्व हात तिच्या ओळखीचे. 'रत्नागिरीला न्या' हे शब्द आपल्याकडे चेष्टेत वापरले जातात. ज्या गावी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे त्या गावाचे नावच जेथे टवाळीचा विषय होते, तेथे आजारी माणूस तोंड उघडत नाही.

त्यात भर म्हणून काही धर्मनिष्ठ माणसे सांगतात की, ईमान पक्के असेल तर मन आजारी पडत नाही. हे म्हणणे कुरआनाच्या कसोटीवर टिकत नाही. हजरत याकूब (अ.) यांच्या दुःखाचे वर्णन सूरह यूसुफमध्ये आहे. पुत्रवियोगाने रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. ते प्रेषित होते, आणि त्यांच्या ईमानाबद्दल शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. आपले प्रेषित (स.) चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागत असत. इमाम गजाली (रह.) यांचे उदाहरण तर त्यांच्याच लेखणीतून आलेले आहे. सन १०९५ मध्ये, बगदादच्या निजामियात अध्यापन करीत असताना त्यांची जीभ जणू बांधली गेली; शिकवायला बसले की शब्द फुटेना, अन्न पचेना. वैद्यांनी निदान केले की, आजार अंतःकरणात उतरला आहे आणि तेथूनच तो शरीरात पसरतो आहे. गजालींनी ही अवस्था 'अल-मुन्किज मिनज्जलाल' या ग्रंथात स्वतः लिहून ठेवली, ती लपविली नाही. त्यांच्याही पूर्वी, सन ९३४ मध्ये निवर्तलेल्या अबू जैद बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. भय, क्रोध, उदासी आणि वारंवार येणारे नकोसे विचार यांची चर्चा त्यात आहे. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख यांत त्यांनी भेद केला आणि दुसऱ्या प्रकारचा संबंध शरीराशीही जोडला. आपल्या पूर्वसूरींना जे माहीत होते ते आपण विसरलो, हे खरे दुखणे.

उपचार करून घ्या, कारण अल्लाहने ज्याला उपाय नाही असा आजार उतरविला नाही, केवळ वार्धक्याचा अपवाद आहे, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आहे. त्यात शरीराचा आजार आणि मनाचा आजार असा फरक केलेला नाही.

आता बभ्र्याकडे वळू. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा आहे की, एखादा माणूस बोलतो आणि बोलताना इकडेतिकडे पाहतो, तेव्हा त्याचे बोलणे ही अमानत ठरते. 'कोणाला सांगू नका' असे शब्द त्याने उच्चारलेच पाहिजेत असे नाही. त्याची नजर पुरेशी आहे. मशिदीच्या ओसरीवर, सर्व निघून गेल्यावर मागे रेंगाळणारा तरुण आधी दाराकडे पाहतो, मग बोलतो. त्या क्षणी इमामावर अमानतीची जबाबदारी येते. ती डॉक्टरांवर येते, कंपाउंडरवर येते आणि सोबत गेलेल्या भावावरही येते. जुम्याच्या नमाजनंतर 'अमुक भाईंच्या मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, सर्वांनी दुआ करा' असे जाहीर करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. हेतू चांगला असेल. परंतु घरच्यांच्या संमतीवाचून केलेली ही दुआची विनंती गीबतच्या फार जवळ जाते. 'एका आजारी भगिनीसाठी दुआ करा' एवढे म्हटले तरी अल्लाहला ती भगिनी कोण हे ठाऊक आहे.

हीच अमानत देशाच्या कायद्यानेही मान्य केली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार रुग्णाला आपल्या आजाराबद्दल गुप्ततेचा हक्क आहे. तो मोडण्याची मुभा मोजक्याच प्रसंगी आहे. उदाहरणार्थ, कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तेव्हा. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारण्यास संकोच करू नका: माझी नोंद कोण पाहते? घरच्यांपैकी कोणाला काय सांगाल? उत्तर टाळणाऱ्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

कोणाकडे जावे, याबाबत बराच गोंधळ आढळतो. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते औषध देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि संवादातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते व तिचा क्रमांक विचारता येतो. समुपदेशक ही पाटी मात्र अल्प प्रशिक्षण घेतलेला माणूसही लावू शकतो. तेव्हा त्याचे शिक्षण विचारूनच पुढे जावे. जिल्हा सामान्य रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. आपल्या तालुक्यात हे पथक कोणत्या वारी येते, याची चौकशी सरकारी दवाखान्यात करता येईल.

तालुक्यात एकच मनोविकारतज्ज्ञ असतील आणि त्यांचे आपल्या घराण्याशी जाणे-येणे असेल, तर काय करावे? माझे मत स्पष्ट आहे: दूरचे गाठावे. ज्याच्या मुलीच्या वलीमाला आपण जेवलो, त्याच्यासमोर घरातला कलह मोकळेपणाने मांडता येत नाही. आणि तो कितीही सज्जन असला तरी पुढच्या लग्नात समोरासमोर आल्यावर दोघांनाही अवघड होते. दोन तालुके ओलांडून महिन्यातून एकदा जाणे आणि मधल्या काळात फोनवर बोलणे, ही सोय आज अनेक ठिकाणी मिळते. प्रवासाचे कारण प्रत्येकाला सांगण्याचे बंधन शरीअतने आपल्यावर घातलेले नाही. जेथे दुसरा पर्यायच नाही तेथे ओळखीच्या तज्ज्ञाकडेही जावे, पण ओळखीचा विषय पहिल्याच बैठकीत उघड बोलून घ्यावा.

उपचार करणारा मुस्लिमच हवा का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. हिजरतच्या रात्री प्रेषित (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित यांना मोबदला देऊन ठरविले होते. ते त्या वेळी कुरैशांच्याच धर्माचे होते. दोन्ही उंटिणी त्यांच्या स्वाधीन केल्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी येण्याचे ठरले. इकडे कुरैशांनी शंभर उंटांचे बक्षीस लावले होते. एका शब्दात ते श्रीमंत झाले असते. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. वाट माहीत असणे आणि विश्वासास पात्र असणे, या दोनच गुणांवर ती निवड झाली होती. आपणही तज्ज्ञ निवडताना हेच दोन गुण पाहावेत. आपल्या धर्माचा मान न ठेवणारा, हिजाब किंवा नमाज हेच आजाराचे मूळ आहे असे सुचविणारा माणूस मात्र बदलावा. न कळल्याने प्रश्न विचारणारा आणि हिणवणारा यांत फरक आहे. पहिल्याला दोन वाक्यांत समजावता येते.

याचे एक उदाहरण पाहा. वुजू तुटला की काय या शंकेने काही माणसे दहा-दहा वेळा वुजू करतात, तक्बीर पुन्हा पुन्हा म्हणतात, जमात निघून जाते. उपचार करणारे सांगतात की, एकदाच धुवा आणि शंका आली तरी उठू नका. घरच्यांना वाटते, हा माणूस आमची इबादत कमी करतो आहे. वस्तुतः खात्री ही शंकेने नाहीशी होत नाही, हा फिक्हचा पायाभूत नियम आहे आणि कोकणातील बहुसंख्य घराणी ज्या शाफई मसलकची आहेत, त्यातही तो तितकाच भक्कम आहे. येथे डॉक्टर आणि फकीह एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात. अशा वेळी इमामाने रुग्णाला हा मसला स्वतः सांगितला तर उपचार सोपा होतो.

भगिनींसाठी शक्य असेल तर महिला तज्ज्ञ शोधावी. पुरुष तज्ज्ञ असल्यास मेहरम व्यक्तीने सोबत जावे. तिने बाहेर, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर बसावे. दार किंवा पडदा तसा ठेवण्याची विनंती करता येते. सासू किंवा पती आत बसून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपणच देऊ लागले, तर तो उपचार होत नाही. बाहेर आल्यावर 'काय बोललीस?' असे विचारू नये.

दम आणि दुआ यांचे स्थान आपल्या धर्मात आहे, आणि कुरआन पठणाने मनाला मिळणाऱ्या शांतीबद्दल मी कोणाशी वाद घालणार नाही. मात्र औषध बंद करा असे सांगणारा आमिल आणि 'बाहेरचे' म्हणून रुग्णाला बांधून ठेवणारा माणूस यांच्यापासून दूर राहा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ रुग्णांना प्राणाला मुकावे लागले. साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने पूर्ण मनाई केली आहे. याउलट गुजरातेतील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारात 'दवा-दुआ' या नावाने डॉक्टर आणि मुजावर यांनी एकमेकांकडे माणसे पाठविण्याची व्यवस्था उभी केली. मशिदींना यातून शिकता येईल.

राहता राहिला नात्यांचा प्रश्न; आणि खरे तर बहुतेक लपवाछपवी याच भीतीने होते. फातिमा बिन्त कैस (रजि.) यांना दोन मागण्या आल्या, त्यांनी प्रेषितांचा सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) दोन्ही पुरुषांबद्दल जे सांगणे आवश्यक होते ते स्पष्ट सांगितले. त्यावरून इमाम नववी (रह.) यांनी लग्नाच्या सल्ल्याला गीबतच्या मनाईतून वगळले. म्हणजे विचारणा झाल्यास खोटे बोलता येत नाही. शाफई फिक्हमध्ये जुनून, म्हणजे बुद्धी हरपणे, हा निकाह रद्द करण्याचा हक्क देणारा दोष मानला आहे. असा किंवा आयुष्यभर औषध लागणारा गंभीर आजार लपवून निकाह लावणे ही फसवणूक होय. पण बाळंतपणानंतर काही महिने उदासीने ग्रासलेली किंवा परीक्षेच्या काळात घाबरेपणासाठी उपचार घेऊन बरी झालेली व्यक्ती या व्याख्येत बसत नाही. तिचा जुना आजार गावभर सांगत फिरण्याचा अधिकार कोणालाही नाही. मधल्या अवस्था अनेक आहेत. त्या मुफ्तींना एकांतात, नाव न घेता विचाराव्यात.

अमानतीला एक मर्यादा आहे. 'मी नसलेलेच बरे' असे कोणी बोलू लागले, निरोप घेतल्यासारखे वागू लागले, तर ते गुपित ठेवू नका. बैठकीतील बोलण्याला अमानत म्हणणाऱ्या अबू दाऊदमधील एका निवेदनातच रक्तपाताचा विषय अपवाद केलेला आहे. त्या माणसाला एकटे सोडू नका, घरातील औषधे व कीटकनाशके दूर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पोलीस पकडतील या भीतीने दवाखाना टाळू नका; त्याच कायद्याचे कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असलेली समजते आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही. ओळखीच्या गावात पहिला शब्द उच्चारण्यासाठी नात्यागोत्याबाहेरचा हा आवाज पुष्कळांना सोपा जाईल.

रमजानपूर्वी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून सहरी आणि इफ्तारला जुळवून घ्या. परस्पर औषध सोडू नका. लिथियमसारख्या औषधात दिवसभर पाणी न पिण्याने अपाय होऊ शकतो, आणि आजाऱ्याला रोज्यातून दिलेली सवलत सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे.

शेवटी जमातीच्या पदाधिकाऱ्यांसाठी एक सूचना. उपचाराचा आणि प्रवासाचा खर्च न झेपणारी घरे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. जकात देण्यासाठी घेणारा पात्र आहे की नाही, एवढीच खात्री आवश्यक असते. बैतुलमालच्या अर्जावर आजाराचे नाव, डॉक्टर आणि दवाखाना असे रकाने असतील तर ते काढून टाका. पात्रतेची चौकशी एकाच विश्वासू माणसाने करावी, आणि रक्कम बंद पाकिटात घरपोच द्यावी.