कातड्याचे मोल व कोंबड्याचा डोळा

सन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लंडन जंगल बुक’ या चित्रग्रंथाचा व्यापारीवर्गाने अवश्य विचार करावा, असे आम्हांस वाटते. त्याचे चित्रकार भज्जू श्याम हे दिंडोरी जिल्ह्यातील पाटणगढचे गोंड असून भोपाळ ही त्यांची कर्मभूमी होय. त्यातील एका चित्रात लंडनचा घड्याळाचा मनोरा व कोंबडा एकरूप झाले आहेत. घड्याळाची तबकडी हाच कोंबड्याचा डोळा. दुसरीकडे तीस क्रमांकाची बस इमानी कुत्रा होते.

ही केवळ गंमत नव्हे. किपलिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ चे. त्यातील मोगलीच्या कथा सिवनीच्या अरण्यात घडतात. तेथे वाघावर सरकारने शंभर रुपयांचे इनाम लावलेले असून शिकारी बुलदेव त्याच्या कातड्यावर टपलेला आहे. राज्यकर्ते वनाकडे कोणत्या हिशेबाने पाहत, हे त्यातून कळून येते. भज्जू श्याम यांनी ही दृष्टीच उलटविली. वनातील माणसाने राजधानी पाहिली. परंतु तिचे मोल न ठरविता तिच्याशी नाते जोडले.

हाच हिशेब परदेशी अधिक कठोरपणे मांडला गेला. १६७० मध्ये सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीने उत्तर अमेरिकेत बीव्हर नामक प्राण्याचे कातडे हेच मोलाचे माप मानले. बंदुकीचा व घोंगडीचा भाव कातड्यांत ठरे. त्या लवेच्या टोप्या युरोपात मिरविल्या जात. ती कंपनी व १६०० ची ईस्ट इंडिया कंपनी या दोन्ही व्यापाऱ्यांच्याच मंडळ्या होत, हे आपण विसरू नये. १८१८ च्या तहाने भोपाळ राज्यही अशाच एका पेढीच्या अंकित झाले.

बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकास वर्ज्य अशी पंधरा कर्मादाने सांगितली. त्यांतील दंतवाणिज्यात दात, केस, नखे, अस्थी, कातडी व लव यांची व्यापारासाठी उत्पत्तिस्थानी केलेली खरेदी येते. ‘उत्पत्तिस्थानी’ हा शब्द मार्मिक आहे. ग्राहक दारी उभा राहिला, की मारणारा हत्यार उचलतो. म्हणून आपण स्वहस्ते हिंसा केली नाही, एवढ्याने व्यापारी मोकळा होत नाही.

माल दुकानात येतो तेथे त्याची कथा सुरू होत नाही. सभासदांनी मुलांस भारत भवनातील गोंड चित्रे दाखवावीत, आणि घरी आल्यावर आपल्याच दुकानातील एका वस्तूचा उगम शोधावयास सांगावा. उत्तर अडचणीचे निघाले, तर ती वस्तू पुन्हा मागविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी विचार करावा.