मातीतून दाण्यात

"जशी जमीन, तसे पीक," असे आपण म्हणतो. हे कसे घडते, ते आज पाहू.

2024 चा डिसेंबर आणि 2025 चा जानेवारी. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बाया, माणसे, पोरे यांचे केस मुठीमुठीने गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! कोणी पाण्याला दोष दिला, कोणी साबणाला. तपासणीत रोग्यांच्या रक्तात सेलेनियम फार निघाले. डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी तिथला कंट्रोलचा गहू तपासून घेतला. गव्हातही ते जास्त निघाले. गहू धुऊन पाहिला, तरी फारसे कमी झाले नाही. का बरे?

सेलेनियम हे मातीतले एक द्रव्य आहे. अंगाला ते लागते, पण अगदी कणभर. जास्त झाले की विष.

मातीत त्याची रूपे बदलतात. चुनखडीच्या, हवा खेळत्या जमिनीत त्याचे सेलेनेट होते. सेलेनेट मिठासारखे पाण्यात विरघळते. पाण्याबरोबर मुळात शिरते आणि दाण्यात जाऊन बसते. मग दाणा वरून धुऊन ते कसे जाणार? दुसरे रूप सेलेनाइट. ते चिकणमातीला चिकटून राहते, पिकाला कमी मिळते. पाणी तुंबलेल्या जमिनीत हवा नसते. तिथे बारीक जंतू त्याला न विरघळणारे रूप देतात. मग ते जागचे फारसे हलत नाही.

पंजाबात शिवालिक डोंगराच्या पायथ्याशी काही गावांत अशी जमीन आहे. डोंगरातल्या ओढ्यांनी गाळाबरोबर सेलेनियम आणून टाकले. तिथला चारा खाऊन गुरांचे खूर फाटले. शेगावचा गहू पंजाब-हरियाणाकडचा होता, असे डॉक्टर बावस्कर यांनी सांगितले.

अशा जमिनीत जिप्सम टाकतात. जिप्सममध्ये गंधक असते. गंधक आणि सेलेनेट मुळाच्या एकाच दाराने आत जातात. गंधकाची गर्दी झाली की सेलेनेट कमी शिरते.

आपल्या घाटंजीतही कंट्रोलचा गहू येतो. तो कोणत्या मातीतला, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एकाच धान्यावर राहू नये. ज्वारी, तूर, भाजी यांची जोड द्यावी. गावात अनेकांचे केस एकदम गळाले, नखे ढिली झाली, तर देवऋषीकडे धावू नका. आरोग्य केंद्रात कळवा. घरातल्या धान्याची एक पुडी जपून ठेवा. तीच आपली साक्ष.

सांगा पाहू :
1. पाण्यात विरघळणारे रूप कोणते?
2. गहू धुऊन सेलेनियम का जात नाही?
3. धान्याची पुडी का ठेवावी?