सुराचा कंप

गेल्या वर्षीं माजी विद्यार्थ्यांनीं शाळेच्या संगीतवर्गास एक देणगी दिली, आणि तिचा विनियोग कसा करावा याचा विचार चालूं असतां नववीच्या वर्गाकडून आमच्याकडे एक अर्ज आला. शाळेच्या विजेच्या गिटारीसाठीं ट्रेमोलोचें पेडल घ्यावें, म्हणजे प्रार्थनेच्या वेळीं तिचा सूर भरदार आणि गंभीर लागेल, असें त्यांत म्हटलें होतें. ही वार्ता घरोघर जातांच कांहीं पालकांनीं विचारलें कीं, हें पेडल म्हणजे आहे तरी काय, आणि सभागृहांतील जुनी पायपेटी दुरुस्तीवांचून पडली असतां असल्या वस्तूवर पैसे कां खर्चावे? दोन्ही प्रश्न रास्त होते. त्या वेळीं आम्हांसही त्यांचें पुरें उत्तर ठाऊक नव्हतें. तें शोधतांना आमच्या हातून एक चूकही झाली. ती पुढें सांगूं.

प्रथम एक प्रयोग घरींच करून पाहा. टेबलावरचा पंखा चालूं करा आणि त्याच्यापासून हातभर दूर बसून पात्यांच्या दिशेनें एक लांब आकार लावा. स्वर थरथरत ऐकूं येईल. तुमचा गळा तर स्थिर आहे. परंतु पात्यांनीं तो स्वर वारंवार अडविला आणि वारंवार सोडला, म्हणून तो क्षणांत लहान व क्षणांत मोठा झाला. पंखा संथ केला म्हणजे ही थरथरही संथ होते. आवाजाच्या या नियमित लहानमोठेपणासच ट्रेमोलो म्हणतात.

येथें एक घोटाळा आधींच दूर केला पाहिजे. सूर कांपतो असें आपण म्हणतों तेव्हां दोन निराळ्या गोष्टींस एकच नांव देत असतों. सुराची उंची तीच राहून त्याचा मोठेपणा बदलतो ही एक. मोठेपणा तोच राहून उंची किंचित् वरखालीं होते ही दुसरी. दरबारी कानड्यांतील आंदोलित गंधार या दुसऱ्या जातीचा. तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथांत गमकाचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत कंपित आणि आंदोलित हे दोन स्वतंत्र प्रकार असून त्यांतील भेद गतीचा आहे : कंपित जलद, आंदोलित संथ. पाश्चात्त्य संगीतांत उंचीच्या कंपास व्हायब्रेटो व मोठेपणाच्या कंपास ट्रेमोलो म्हणण्याचा प्रघात आहे खरा, पण गिटारी बनविणारांनींच तो मोडला. लिओ फेंडर यांच्या कारखान्यानें १९५४ सालीं स्ट्रॅटोकास्टर ही गिटार बाजारांत आणली. तिच्या तारा ढिल्या-ताठ करून सुराची उंची हलविणाऱ्या दांड्यास त्यांनीं ट्रेमोलो हें नांव दिलें, आणि ज्या योजनेनें केवळ मोठेपणा हलतो तीस आपल्या कित्येक ध्वनिवर्धकांवर व्हायब्रेटो म्हणून छापलें! तेव्हां नुसतें नांव वाचून वस्तु घेऊं नये. एकच सूर लांब धरावा आणि कान देऊन पाहावें कीं, उंची हलते कीं मोठेपणा.

आतां पायपेटीकडे वळूं, कारण ही विद्या आपल्या सभागृहांत विजेच्या पेडलाच्या पुष्कळ आधींपासून नांदत होती. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनीं १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पायांनीं भाता हलवावयाची ही पेटी ख्रिस्ती उपासनामंदिरांतून आणि युरोपीय लोकांच्या घरांतून आपल्या देशांत आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हातानें भाता हलवावयाची लहान पेटी प्रचारांत आणली. आणि मराठी संगीत नाटकानें तर पेटी व ऑर्गन हीं दोन्ही वाद्यें इतकीं आपलीशीं केलीं कीं, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताच्या हातीं पेटी ही साथीची दासी न राहतां स्वतंत्र मैफलीचें वाद्य झाली. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो, तर अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनचा भाता ती आंत ओढतो. त्या ऑर्गनचा सूर अधिक मृदु लागतो, याचें एक कारण हें. अशा कित्येक ऑर्गनांत ‘व्हॉक्स ह्यूमाना’ नांवाची कळ असते. ती ओढली म्हणजे सुरांच्या मागें पुठ्ठ्याची किंवा लांकडाची एक पट्टी भात्याच्या हवेनें गरगर फिरूं लागते. हा पंखा आणि तुमच्या टेबलावरचा पंखा यांचें काम एकच.

हातपेटींतील युक्ति निराळी आहे, आणि आमच्या मतें अधिक चतुर. ट्रेमोलोची कळ ओढली म्हणजे हवेच्या वाटेवर एक लहानसें झांकण मोकळें होतें. त्यास बारीक स्प्रिंग असते व टोंकास वजन. हवेच्या दाबानें झांकण उचलतें, उचलतांच दाब उतरतो, दाब उतरतांच तें खालीं पडतें, आणि पडतांच दाब पुन्हां चढतो. पितळी सुरांस हवा अशी हिसक्याहिसक्यानें मिळते. नुसत्या मादी सुरांवर हा कंप लाविला तर शेळी ओरडल्याचा भास होतो. तोच खर्ज सुरांच्या जोडीनें लावावा, भाता हलक्या हातानें चालवावा, म्हणजे भरल्या विहिरींत हांक घातल्यासारखें घुमतें. कळ तीच, झांकण तेंच. फरक पडला तो खालच्या सुराचा.

हीच गोष्ट गिटारीस लागू आहे, आणि नववीच्या अर्जांतील चूक येथेंच होती. भरदारपणा पेडलांत नसतो. कोणत्याही सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर उठतात. वरचे उपस्वर तीव्र असले तर सूर टोंचतो, ते दबले तर सूर गोल लागतो. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कंपते. तीच तार घोडीजवळच्या चुंबकीय ग्राहकांतून ऐकली तर कडक आणि मानेजवळच्या ग्राहकांतून ऐकली तर मऊ, असा अनुभव कोणासही क्षणांत घेतां येईल. म्हणून मानेजवळचा ग्राहक निवडावा, टोनचें बटण थोडें उतरवावें, तारा बोटाच्या मांसल भागानें छेडाव्या, आणि हें सर्व करून सूर मनासारखा लागल्यावरच पेडलावर पाय ठेवावा.

आतां आमची चूक. पहिलें पेडल आम्हीं घाईनें घेतलें. दुकानांत सर्व बटणें पूर्ण फिरवून जो चमत्कार ऐकूं आला त्यानें मुलें खूष झालीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही झालों. नाताळच्या कार्यक्रमांत मंद लयीच्या एका प्रार्थनागीतास तेंच लाविलें. सूर लागे आणि तुटे, लागे आणि तुटे. पुढील रांगेंतील पांचवीच्या एका मुलानें तार ढिली झाली असें समजून ती दाबून पाहिली! गाणारीं मुलें गिटारीच्या धडधडीमागें धांवूं लागलीं, आणि दुसरें कडवें संपण्याच्या आंत तबला एका लयीत व गाणें दुसऱ्या लयीत गेलें. तें गीत बसविण्यास मुलांनीं दोन महिने घातले होते. आम्हांस त्या रात्रीं फार ओशाळें वाटलें.

दोष कोठें होता तें मागाहून कळलें. ट्रेमोलोच्या पेडलावर मुख्यत्वें दोन बटणें असतात : एक गतीचें, दुसरें खोलीचें. खोली म्हणजे आवाज किती खालीं उतरावा याचें माप. विद्युत्‌दाब निम्म्यावर आला म्हणजे आवाज ६ डेसिबेलनीं उतरतो. साथीच्या कामास एवढी खोली पुष्कळ झाली. आमचें बटण पूर्ण फिरविलेलें होतें, म्हणजे आवाज प्रत्येक हेलकाव्यास शून्यावर जात होता. दुसरी गोष्ट लाटेच्या आकाराची. आवाज झोक्याप्रमाणें सावकाश चढला व उतरला तर कान सुखावतो. दिव्याच्या बटणाप्रमाणें एकदम लागला व एकदम गेला तर सुराचे तुकडे पडतात. आमच्या पेडलांत दुसराच आकार होता, आणि तो बदलण्याची सोय नव्हती. ज्या पेडलांत आकाराचें तिसरें बटण असतें तें घेणें यासाठींच श्रेयस्कर. आवाजाची पातळी राखण्याचें चौथें असलें तर उत्तम, कारण कंप सुरू होतांच एकूण आवाज उतरल्यासारखा भासतो.

गतीचें गणित तर सहावींतील मुलासही करतां येईल. गीताची लय मिनिटास ६० मात्रांची असेल तर सेकंदास एक मात्रा पडते; मात्रेस चार हेलकावे हवे असतील तर सेकंदास चार. लय ७५ ची असेल तर पांच. ९० च्या लयींत मात्रेस तीन हेलकावे धरले तर साडेचार. हेलकावे मात्रेंत असे बरोबर बसले म्हणजे कंप लयीला हातभार लावतो. न बसले तर आमच्या नाताळासारखी फजिती होते.

पेडलाच्या आंतील रचनांचेही प्रकार आहेत. १९४० च्या दशकांत अमेरिकेंत डीआर्मंड नांवाचें जें उपकरण निघालें त्यांत मोटार एक लहान डबी हलवी, आणि डबींतील वीजवाहक द्रव हिंदकळून गिटारीचा प्रवाह अंशतः जमिनीकडे वळवी. यंत्रापेक्षां तें वैद्याच्या काढ्याचेंच भावंड म्हणावें. पुढें ध्वनिवर्धकाच्या नळ्यांस मिळणारा आधारदाब हलवून कंप काढूं लागले. तो फार मृदु असतो. प्रकाशाच्या युक्तींत लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर प्रकाशानें बदलणारा रोधक ठेवतात. १९६० च्या सुमारास फेंडरच्या कांहीं ध्वनिवर्धकांत खालचे व वरचे स्वर निरनिराळे करून ते आळीपाळीनें पुढें आणण्याची योजना निघाली. तींत एकूण आवाज फारसा तुटत नाहीं, नुसता रंग हेलकावतो. गंभीर सुराच्या शोधांत असणारांनीं आधारदाबाच्या धर्तीचीं व या शेवटच्या धर्तीचीं पेडलें आधीं ऐकावीं. आवाज फाडणारें दुसरें पेडल असेल तर ट्रेमोलो त्याच्या नंतर जोडावा, कारण आधीं जोडल्यास तें पेडल चढउतार चेपून सपाट करतें. बहुतेक पेडलें ९ व्होल्टवर चालतात. पण अडॅप्टरचें धन व ऋण टोंक पेडलावर दाखविल्याप्रमाणें आहे कीं नाहीं तें पाहिल्यावांचून जोडूं नये.

दुसऱ्या खरेदीच्या वेळीं आम्हीं स्वतःची गिटार बरोबर नेली. गिरगांवांतून धोबीतलावापर्यंतची वाट पायांखालचीच. तेथें जेर महालांत १८६५ सालापासून चालत आलेलें फुर्टाडो यांचें दुकान आहे, आणि पेटीचें काम असेल तर दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांचा जुना कारखाना सर्वांस माहीत आहे. बरोबर लालबागच्या एका विद्यार्थ्याचे वडील आले होते. ते गणपतीच्या मिरवणुकींत बेंजो वाजवितात. हा बेंजो म्हणजे नागोयाच्या गोरो मोरिता यांनीं १९१२ सालीं काढलेल्या जपानी ताइशोगोतोचा आपल्याकडील अवतार, ज्यास आपण बुलबुलतरंगही म्हणतों. त्यांनीं पेडल बेंजोस लावून पाहिलें आणि लगेच काढलें. “आमचा हात एकाच तारेवर भराभर फिरतो, तोच आमचा कंप. त्यावर हा दुसरा घातला कीं दोन्ही मारामारी करतात,” असें ते म्हणाले. मँडोलिनसही हेंच लागू आहे. गिटारीवर मात्र त्यांनीं दहा मिनिटें डोळे मिटून पेडल ऐकलें, गती उतरविली, खोली उतरविली, आणि पुन्हां थोडी उतरविली. तेंच पेडल आम्हीं घेतलें.

पालकांस हिशेबही सांगितला पाहिजे. देणगीचा मोठा भाग पायपेटीच्या भात्याचें चामडें बदलण्यांत व तिचे खर्ज सूर लावून घेण्यांत गेला. पेडलास राहिलेला लहान भाग पुरला. पहिलें पेडल विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत दिलें असून लाटेचे आकार दाखविण्यास तें फार उपयोगीं पडतें. शुक्रवारच्या प्रार्थनेस पायपेटी आणि गिटार आतां एकत्र वाजतात. कंप दोहोंपैकीं एकाच वाद्यानें द्यावयाचा, असा नियम आहे. नव्या पेडलाच्या बटणांवर, जेथें तीं सध्यां उभीं आहेत तेथें, आम्हीं पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले आहेत. पुढील वर्गानें तेथून आरंभ करावा, आणि अधिक चांगली जागा सांपडल्यास निराळ्या रंगाचा ठिपका द्यावा. पांढरे मात्र पुसूं नयेत.