चूल हीच प्रयोगशाळा

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाकडून आली. मी शाळेत विज्ञान शिकविते. तेव्हा विज्ञानाचाच एखादा धडा लिहावा हे ओघानेच आले. परंतु तो वर्गातील नसून स्वयंपाकघरातील आहे. घरच्या चुलीवर, घरच्याच धान्याने व अंड्याचा उपयोग न करिता भाजणीचे गोड पदार्थ कसे साधतात, आणि ते साधताना आपण काय शिकतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या प्रयोगांचा आरंभ माझ्या एका चुकीतून झाला. काही वर्षांपूर्वी दहावीच्या मुलांच्या निरोपसमारंभास मी घरी केक करून नेला. रीतीप्रमाणे त्यात अंडी होती. मुले आनंदाने पुढे आली. परंतु चार-पाच मुले ताटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. त्यांतील एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमच्यात चालत नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, संकोच मात्र होता. ज्या वर्गाला मी दहा महिने एकत्र बसून शिकविले, त्याच्या शेवटच्या दिवशी माझ्याच हातून दोन पंगती झाल्या. ही गोष्ट मनाला लागून राहिली.

आपल्या भागात हा प्रश्न नवा नाही. खजुरी हे आळंद तालुक्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. येथे मराठी, कन्नड व दखनी ह्या तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि खाण्याचे नियमही घरागणिक निराळे असतात. २०२१ च्या डिसेंबरात बीदर, कलबुर्गी आदी जिल्ह्यांतील शाळांत माध्यान्ह भोजनाबरोबर अंडी देण्यास आरंभ झाला, तेव्हा अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय करण्यात आली. ती सोय योग्यच होती. परंतु जो पदार्थ सर्वांनी एकाच ताटातून उचलावा असा असेल, तो मुळातच सर्वांना चालणारा करता आला तर किती बरे, असे मला वाटू लागले.

शेजारच्या काकूंना मी मनातली गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी शुद्ध शाकाहार. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही आमच्याच चुलीवर करा की. भांडी आमची, हात दोघींचे." ह्या एका वाक्याने निम्मी अडचण दूर झाली. पुढील सर्व प्रयोग त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच भांड्यांत झाले.

पहिला धडा : पिठाची विरी

भाकरी थापणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे की, फार दिवस दळून ठेवलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. अशा वेळी ती आधणाचे पाणी घालून पीठ मळते. ती ह्याचे कारण सांगत नसेल, पण उपाय अचूक करिते.

कारण असे आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लूटेन नावाचे चिवट द्रव्य तयार होते. त्याचे जाळे पीठ धरून ठेवते व फुगविणारी हवा कोंडून ठेवते. ज्वारीत हे द्रव्य नाही. म्हणून ज्वारीच्या पिठाला बांधून ठेवण्याचे काम त्यातील पिष्टाकडून करून घ्यावे लागते. कढत पाण्याने हे पिष्ट फुलते, चिकट होते व पीठ एकजीव होते. भाकरी तव्यावर फुगते ती आतल्या पाण्याच्या वाफेने. पापुद्रा न फाटता वाफ कोंडली गेली, तरच ती टम्म होते.

हे ध्यानात आले म्हणजे ज्वारीची नानकटाई प्रथम का फसली तेही कळते. आमच्या पहिल्या प्रयत्नात निव्वळ ज्वारीचे पीठ, तूप व साखर होती. भाजून निघालेली नानकटाई दिसण्यात सुरेख. परंतु बोट लावताच तिचा भुगा झाला. काकू हसून म्हणाल्या, "हिला चमच्यानंच खावं लागतंय."

दुसरा धडा : आंबट आणि खार

केकमध्ये अंडे तीन कामे करिते. ते फेटल्यावर हवा धरते, शिजल्यावर घट्ट होऊन पदार्थाला आकार देते आणि आतला ओलावा राखते. अंडे वगळावयाचे तर ही तिन्ही कामे दुसऱ्या कोणाला तरी नेमून दिली पाहिजेत.

ह्या विचारात आपण एकटे नाही. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीस अंडी व यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८३७ साली अंड्याविना कस्टर्ड तयार केले आणि १८४३ साली यीस्टविना पाव फुगविणारी बेकिंग पावडर शोधून काढली. घरातील एका माणसाला पंगतीत बसता यावे म्हणून केलेला हा प्रयोग पुढे जगभर गेला.

त्यामागील तत्त्व सोपे आहे. खाण्याचा सोडा खार आहे, दही आंबट आहे. दोघांचा संयोग होताच कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. त्याचे बुडबुडे ओल्या पिठात अडकतात व आचेने पसरतात. पदार्थ फुगतो तो ह्यामुळे. बेकिंग पावडरमध्ये सोडा व कोरडे आम्ल दोन्ही एकत्रच असतात, म्हणून तिला दह्याची गरज पडत नाही.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. सोडा सर्वांत शेवटी घालावा व मिश्रण लगेच आचेवर चढवावे. नाहीतर वायू आधीच निघून जातो. आणि सोडा बेताचाच असावा. आमच्या तिसऱ्या प्रयत्नात पाव चमच्याऐवजी पूर्ण चमचा सोडा पडला. नानकटाई फुगली, रंगही गडद आला. परंतु जिभेवर साबणाची चव राहिली. जादा सोडा ओळखण्याची एक खूण मुलांना फार आवडते. हळदीच्या पाण्यात सोडा टाकला की पिवळा रंग लालसर होतो. ढोकळ्यावर कधी तांबडे ठिपके दिसतात, त्याचे कारण हेच. तेथे सोडा नीट मिसळलेला नसतो.

दही नसेल तर आंबट ताकही चालते. येळ अमावस्येला आपल्याकडे शेतात भज्जी, उंडे व आंबील ह्यांचे जेवण असते आणि वाटसरूलाही बोलावून जेवू घालतात. काकूंनी त्या दिवशीची उरलेली आंबील दह्याऐवजी वापरून पाहिली. ताक व ज्वारीचे पीठ एकत्र आंबल्याने आंबील आंबट झालेली असते, म्हणून सोड्याने आपले काम चोख केले. पुस्तकात न लिहिलेला हा प्रयोग काकूंचा आहे, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजते.

तिसरा धडा : एका वेळी एकच बदल

शाळेत प्रयोग करिताना आम्ही मुलांना सांगतो की, एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सर्व तशाच ठेवा. स्वयंपाकघरात हा नियम आपण विसरतो. पीठ बदलतो, साखरेच्या जागी गूळ घालतो, आचही वाढवितो आणि पदार्थ बिघडला की म्हणतो, हात लागला नाही.

आम्ही वही घातली. दुसऱ्या वेळी फक्त गव्हाचे पीठ मिसळले. नानकटाई टिकली, परंतु मी पाणी शिंपडून पीठ पुष्कळ मळल्यामुळे कडक झाली. नानकटाईला तूपच पुरे; पाणी व मळणे ह्यांनी ग्लूटेन वाढते आणि खुसखुशीतपणा जातो. तिसऱ्या वेळेची सोड्याची कथा वर आलीच आहे. चौथ्या वेळी थोडे बेसन घातले. चव खमंग झाली. पाचव्या वेळी साखरेऐवजी गूळ घेतला. रंग छान आला, पण गूळ ओलावा धरीत असल्यामुळे नानकटाई पसरली व दुसऱ्या दिवशी मऊ पडली. सहाव्या वेळी जे प्रमाण जमले, ते खाली देत आहे.

ज्वारीची नानकटाई : ज्वारीचे ताजे पीठ १०० ग्रॅम, गव्हाचे पीठ ५० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, दही १ चमचा, सोडा पाव लहान चमचा, वेलदोड्याची पूड. थिजलेले तूप व साखर हलकी व पांढरी होईपर्यंत फेसावी. अंडे जी हवा धरते, तिचा काही भाग येथे तूप धरते. मग दही घालावे. सोडा पिठांत मिसळून चाळावा व पीठ हलक्या हाताने गोळा करावे, मळू नये. पेढ्याएवढे गोळे करून तूप लावलेल्या ताटलीत अंतराअंतराने ठेवावेत.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे कोरड्या वाळूचा किंवा मिठाचा थर द्यावा, त्यावर अडणी ठेवावी, घट्ट झाकण लावून दहा मिनिटे तापवावे. नंतर ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. कुकर वापरल्यास त्याची शिटी व झाकणातील रबर काढूनच ठेवावे. आत पाणी नसल्याने हे विसरणे धोक्याचे आहे. नानकटाई गरम असताना मऊ लागते. पूर्ण निवाल्यावरच उचलावी.

रव्याचा केक : बारीक रवा २ वाट्या, दही १ वाटी, पिठीसाखर १ वाटी, पातळ तूप अर्धी वाटी, दूध पाऊण वाटी, बेकिंग पावडर १ लहान चमचा, सोडा पाव लहान चमचा. रवा, दही, साखर, तूप व दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा भिजला नाही तर दाताखाली कचकच लागते. शेवटी बेकिंग पावडर व सोडा घालून लगेच वरील रीतीने पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे. मध्ये काडी घालून पाहावी. ती कोरडी निघाली म्हणजे केक झाला.

एक सावधगिरीची सूचना. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारीचा गौरव झाला, ह्याचा आपल्याला आनंद आहे. तथापि ज्वारी घातली म्हणून तूप-साखरेचा पदार्थ पथ्याचा होत नाही. मधुमेही माणसाने ज्वारीची भाकरी खावी, नानकटाई बेतानेच.

उपसंहार

नानकटाई हा पदार्थच मुळी अशा तडजोडीतून घडला, अशी परंपरागत हकीकत आहे. सुरतेतील डच लोकांची बेकरी पुढे दोतीवाला ह्या पारशी घराण्याकडे आली. गिऱ्हाइकांना चालावी म्हणून जुन्या बिस्किटातील अंडी व ताडी वगळण्यात आली आणि आजची नानकटाई जन्मास आली, असे सांगतात. नाव फारसी, हात पारशी, गिऱ्हाईक गुजराती. आणि आज ती आपल्या खेड्यातील चुलीवर ज्वारीची होऊन बसली आहे.

आता वहीविषयी. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांनी १९१० साली 'गृहिणीमित्र' लिहिले, कमलाबाई ओगले ह्यांनी १९७० साली 'रुचिरा' लिहिले. म्हणून अनेक घरांची चव पुढील पिढीस मिळाली. माझ्या अम्मीच्या हातचा ज्वारीचा मलीदा मला आजवर साधलेला नाही. तिला प्रमाण विचारले की ती म्हणे, "अंदाज से डालना, बेटा." तो अंदाज तिच्याबरोबर गेला. ज्या दिवशी मी वही घेऊन तिच्याजवळ बसावयास हवे होते, त्या दिवशी मी दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासत होते. वाचक बंधु-भगिनींना माझी विनंती आहे की, आपल्या घरी आई, आजी, सासूबाई असतील तर ह्याच आठवड्यात एक वही घाला. त्या मूठभर म्हणतील तेव्हा ती मूठ वाटीत ओतून मोजा.

पुढल्या वर्षीच्या निरोपसमारंभास आम्ही ज्वारीची नानकटाई नेली. डबा काकूंच्या हाती होता. "अंडं नाही, आमच्याच चुलीवर झालंय," एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवशी एकही ताटली हातात तशीच राहिली नाही. वर्गातील कोणत्याही परीक्षेच्या निकालाने मला एवढे समाधान दिलेले नाही.